मुंबई–दिल्ली : अंतर एकच, मग वेळ का बदलतो?

वाचकांचे प्रश्न

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर कसं मोजायचं, तिकिटावरचा वेळ कितपत खरा मानायचा, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली पुष्कळशी मुंबई–दिल्ली प्रवासाबद्दल असल्यानं इथे तोच मार्ग मुख्य धरला आहे. एकदा तो हिशेब हाताखालून गेला की नागपूर, गोवा, कोलकाता, लंडन कुठलाही मार्ग त्याच रीतीनं काढता येतो.

मुंबई ते दिल्ली अंतर कुठे ११३८, कुठे ११६५, कुठे १३८५, तर कुठे १४०० किलोमीटर लिहिलेलं असतं. खरं कोणतं? आठवीतल्या मुलीला वहीवर करून दाखवता येईल अशी काही रीत आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या वाटेचा आहे, इतकंच. सुमारे १४०० किमी हे सुरत, वडोदरा, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असं जाणाऱ्या रस्त्याचं अंतर. सुमारे १३८५ किमी म्हणजे मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा वडोदरा, रतलाम, कोटामार्गे जाणारा लोहमार्ग. ११६५ किमी हे सीएसएमटी ते नवी दिल्ली स्टेशन असं हवेतून सरळ मोजलेलं अंतर, आणि ११३८ किमी हे दोन विमानतळांमधलं सरळ अंतर. मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, दिल्लीचा नैऋत्येला. दोघं एकमेकांकडे सरकलेले असल्यानं सत्तावीसेक किलोमीटर वाचतात.

आता वहीवरची रीत. मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांश आणि ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटं उत्तर आणि ७७ अंश ६ मिनिटं पूर्व. अक्षांशांतला फरक ९ अंश २९ मिनिटं, म्हणजे ५६९ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा मुंबईपासून दिल्ली ५६९ सागरी मैल उत्तरेला आहे. इथवर नुसती वजाबाकी.

रेखांशांचा फरक ४ अंश १४ मिनिटं, म्हणजे २५४ मिनिटं. हे मात्र तसेच मैल धरता येत नाहीत, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात. संत्र्याच्या फोडी मधे जाड आणि टोकाला निमुळत्या असतात, तसंच. म्हणून मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २३ अंश ५० मिनिटांच्या, कोसाइननं गुणायचं. तो ०.९१५ येतो. आठवीच्या मुलीला हा आकडा कॅल्क्युलेटरवरून काढून द्या, बाकीचं तिचं तिला जमेल. २५४ गुणिले ०.९१५ म्हणजे २३२ सागरी मैल पूर्वेला.

मग पायथागोरस. ५६९ चा वर्ग ३,२३,७६१ आणि २३२ चा वर्ग ५३,८२४. बेरीज ३,७७,५८५, वर्गमूळ ६१४.५ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किमी, म्हणून उत्तर ११३८ किमी.

हमखास होणारी चूक एकच : १९ अंश ५ मिनिटं हे १९.०५ असं लिहिणं. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत, त्यामुळे ते १९.०८ होतं. फोनवरच्या नकाशात अक्षांश दशांशात दिसतात, ॲटलासमध्ये अंश-मिनिटांत. दोन्ही एकाच हिशेबात मिसळले की उत्तर चार-पाच किलोमीटरनं तरी चुकतं, कधी त्याहून बरंच जास्त. आणि ही रीत दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंतच वापरा. लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी ती चालत नाही. का, ते खाली एका प्रश्नात येईल.

तिकिटावर २ तास १५ मिनिटं लिहिलं होतं. वैमानिकानं मात्र उड्डाणाचा वेळ १ तास ४५ मिनिटं असल्याचं जाहीर केलं. मग कंपन्या अर्धा तास वाढवून का लिहितात?
– एक वाचक, सातारा

दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दिल्लीत ठरलेल्या जागी उभं राहिलं की संपतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना अडण्या लावलेल्या असतात. अडण्या निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा हा वेळ. वैमानिक सांगतो तो चाकं धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा.

नेहमीच्या एअरबस ३२० जातीच्या विमानाचा मुंबई–दिल्ली हिशेब साधारण असा मांडता येतो. टगनं (विमान ढकलणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरनं) विमान मागे ढकलणं आणि इंजिनं सुरू होणं यात पाच-सात मिनिटं. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं यात तेरा-पंधरा. म्हणजे हवेत जाण्याआधीच वीस मिनिटं खर्ची पडली. वर चढायला बावीस-तेवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सुमारे २०० किमी अंतर कापलं जातं. मधला ७७० किमीचा टप्पा ताशी ८३० किमी वेगानं ५६ मिनिटांचा. उतरण सुरू होते ती दिल्लीच्या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर अलीकडे, म्हणजे जयपूरच्या आसपास. तिला पंचवीस ते तीस मिनिटं जातात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांच्या, आत ठेवावा लागतो, त्यामुळे शेवटचा भाग आपल्याला रेंगाळल्यासारखा वाटतो. टेकल्यावर गेटपर्यंत आणखी दहा मिनिटं. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत आणि विमानतळाचा पसारा मोठा, त्यामुळे दूरच्या धावपट्टीवर उतरलात तर ही दहाची वीस होतात.

या हिशेबातली तीन अंतरं मिळवलीत तर ११८० किमी होतात, ११३८ नाही. विमान सुतासारखं सरळ जात नाही. ते ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून, हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांना वळसा घालत जातं. मुंबई–दिल्ली प्रत्यक्ष मार्ग ११५० ते १२५० किमीच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. राखीव क्षेत्र त्या वेळी मोकळं असेल तर नियंत्रण कक्ष सरळ जाऊ देतो, आणि पाच मिनिटं वाचतात.

आता वाढवून लिहिण्याबद्दल. थोडी सूट धरलेली असते, हे खरं आहे. वेळापत्रकातल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असेल ते विमान वेळेवर, असं मोजलं जातं. कंपनीचा आकडा चांगला दिसावा म्हणून गर्दीच्या वेळच्या विमानांना पाच-दहा मिनिटं जास्त लावतात. पहाटे साडेपाचचं आणि संध्याकाळी सातचं, मार्ग एक, विमान एक, तरी तिकिटावरचे वेळ वेगळे दिसतील. फरक रांगेचा आहे.

ब्लॉक टाइमचा तुमच्या खिशाशीही संबंध आहे, तो फार कुणी सांगत नाही. आगाऊ न कळवता उड्डाण रद्द झालं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार भरपाईची कमाल रक्कम ब्लॉक टाइमवरून ठरते. एक तासापर्यंत ५,०००, एक ते दोन तास ७,५००, आणि दोन तासांच्या वर १०,००० रुपये. ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते मिळतं. मुंबई–गोवा दुसऱ्या गटात, मुंबई–दिल्ली तिसऱ्या. हवामान किंवा हवाई नियंत्रणासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई लागू नाही. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर वाट पाहणाऱ्या प्रवाशाला खाणं-पिणं मागण्याचा हक्क आहे. काउंटरवर जाऊन मागा. तिकिटाची प्रत हाताशी ठेवा, त्यावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते.

जाताना कमी आणि येताना जास्त वेळ लागतो, तो वाऱ्यामुळे, असं सगळे सांगतात. मुंबई–दिल्लीलाही हेच लागू का?
– एक वाचक, कोल्हापूर

थोडंसं. इथे वाऱ्याला जरा जास्तच श्रेय दिलं जातं.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहत असतो. ताशी दीडशे-दोनशे किमी वेग त्याला सहज असतो. पण मुंबईहून दिल्लीची दिशा जवळजवळ उत्तर आहे, पूर्वेकडे फक्त २२ अंश झुकलेली. म्हणजे हा वारा मुख्यतः कुशीवर येतो. दीडशेच्या वाऱ्यातला जेमतेम ५५ किमीचा भाग पाठीमागून ढकलतो. शिवाय झोत असतो तो उदयपूर-जयपूरच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे अर्ध्याच वाटेवर. तेवढ्या अर्ध्या वाटेचा हिशेब केला तर जाताना ३९ आणि येताना ४५ मिनिटं येतात. फरक सहा मिनिटांचा. दिल्लीहून परतताना त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर कारण मुंबईच्या आकाशातल्या गर्दीत आहे. तो विषय पुढच्या प्रश्नात घेतला आहे.

वाऱ्याचा खरा परिणाम पाहायचा तर पूर्व-पश्चिम मार्ग घ्या. मुंबई–कोलकाता सरळ अंतर १६६५ किमी. विमानाचा स्वतःचा वेग ८३५ आणि वारा सरासरी ७५ धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग ९१०, येताना ७६०. जायला एक तास पन्नास मिनिटं, यायला दोन तास अकरा. एकवीस मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्यानं पडला. कडक हिवाळ्यात तो याहून वाढतो. पावसाळ्यात उत्तरेतला हा झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचीवर उलटा, पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. म्हणून एकाच मार्गाचे जानेवारी आणि जुलैतले वेळ जुळत नाहीत.

एक गंमत लक्षात ठेवा. होकायंत्रावरच्या ० ते १७९ अंशांत (० उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण) जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, उरलेली सम हजारांवर. त्यामुळे दिल्लीला जाताना वैमानिक ३३, ३५ किंवा ३७ हजार फूट सांगेल, परतताना ३४, ३६ किंवा ३८. समोरासमोरची विमानं अशा रीतीनं एकमेकांपासून हजार फूट दूर राहतात.

दिल्लीहून येताना समोरच्या पडद्यावर विमान पालघरच्या आसपास लांबट गोल काढताना दिसत होतं. चार फेऱ्या झाल्या. इंधन संपेल या भीतीनं आईचा जीव घाबरा झाला. असं का फिरवतात?
– एक वाचक, नाशिक

आईंना आधी हे सांगा : इंधन मोजून घेतलेलं असतं, आणि तुटपुंजं नसतं. प्रवासापुरतं, त्यावर काही टक्के अनपेक्षित कारणांसाठी, त्यावर मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबाद किंवा गोव्यासारख्या दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं, आणि त्याहीवर अर्धा तास उडता येईल इतकं राखीव. हा शेवटचा अर्धा तास सहसा हातच लावायचा नसतो. फेऱ्या मारता मारता पर्यायी विमानतळापुरतंच उरतंय असं दिसलं, की वैमानिक तिकडे वळतो. विमान वळवलं म्हणजे संकट आलं असं नाही, नियम पाळला गेला.

आता कारण. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, मुख्य ३४४८ मीटरची आणि दुसरी २८७१ मीटरची, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. जवळजवळ सगळा भार मुख्य धावपट्टीवर पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणली, ती याचमुळे. विमानं चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालत होती, आणि घिरट्या घालणारं विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळतं. ताशी ४४ म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी सेकंदाला एक विमान उतरणार किंवा उडणार. एखाद्या विमानानं धावपट्टी सोडायला अर्धं मिनिट जास्त घेतलं तरी मागची रांग लांबते, आणि रांगेला हवेत थांबायला जागा म्हणजे हेच लांबट गोल.

फेरीचं मापही ठरलेलं असतं. चौदा हजार फुटांखाली सरळ बाजू एक-एक मिनिटाची आणि दोन्ही वळणं एक-एक मिनिटाची, मिळून चार मिनिटं. त्याच्या वर सरळ बाजू दीड मिनिटाची, म्हणून फेरी पाच मिनिटांची. तुमच्या चार फेऱ्या म्हणजे सोळा ते वीस मिनिटं. पडद्यावर फेऱ्या मोजल्या की उशीर किती होणार हे घोषणेआधीच कळतं.

उत्तरेकडून येणाऱ्याला आणखी एक फेरा पडतो. वारा बहुतेक दिवस समुद्रावरून, पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून दिल्लीहून आलेलं विमान शहराच्या पूर्वेला नेऊन, नवी मुंबई-घाटकोपरच्या बाजूनं पश्चिमेकडे तोंड करून आणावं लागतं. जाताना हे लागत नाही. जुहूवरून समुद्रावर निघालं की उजवीकडे वळून उत्तर धरता येते. परतीचा वेळ तिकिटावर पाच-दहा मिनिटं जास्त दिसतो त्यात याचाही वाटा आहे.

पावसाळ्यात यात ढगांची भर पडते. गडगडाटी ढगापासून वैमानिक साधारण वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किमी, लांब राहायला पाहतो. असे दोन ढग वाटेत आले की वळसा शंभरेक किलोमीटरचा होऊ शकतो. आणि पावसाळ्याआधी व नंतर एकेका दिवशी डागडुजीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख बरीच आधी जाहीर होते. त्या दिवशी संध्याकाळचं विमान शक्यतो घेऊ नका, साचलेली गर्दी रात्रीपर्यंत निवळत नाही.

जानेवारीत दिल्लीला लग्न आहे. मुहूर्त दुपारी १२ चा. सकाळी सहाचं विमान घेतलं तर सव्वाआठला पोहोचू, असा बेत आहे. ठीक ना?
– एक वाचक, ठाणे

नाही. आदल्या दिवशी दुपारी पोहोचा.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीत धुकं सर्वात दाट असतं ते पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत. तुमचं विमान नेमकं त्यातच उतरणार. धावपट्टीवर ५० मीटर दिसत असलं तरी उतरण्याची सोय दिल्लीत आहे, पण त्यासाठी विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकांकडे तसं प्रशिक्षण, दोन्ही लागतं. उड्डाणाला १२५ मीटर दृश्यता लागते. म्हणजे विमानं उतरू शकतात पण निघू शकत नाहीत, असे काही तास येतात. मग गेटं अडून राहतात आणि मागून येणाऱ्यांना मुंबईतच थांबवून ठेवतात, किंवा जयपूर-अहमदाबादला वळवतात. दहाला धुकं विरलं तरी वेळापत्रक जागेवर यायला दुपार होते. आदल्या दुपारी पोहोचणं शक्यच नसेल, तर आदल्या रात्री नऊ-दहापर्यंत उतरणारं विमान बघा.

मुंबईत आता दोन विमानतळ झाले, गोव्यातही दोन. तिकीट काढताना काय पाहायचं?
– एक वाचक, सावंतवाडी

शहराचं नाव वाचून थांबू नका, तीन अक्षरी संकेत वाचा. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईहून प्रवासी विमानं डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. दोन्ही सरळ रेषेत चोवीसेक किलोमीटरवर आहेत, पण मधे खाडी आणि शहराची वाहतूक आहे. एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचं विमान पकडायचं असेल तर चार तासांहून कमी अंतर ठेवू नका. दाभोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. सावंतवाडीकरांना मोपा सोयीचा, दाभोळी त्याच्या आणखी चाळीस किलोमीटर दक्षिणेला, तेही सरळ रेषेत. दिल्लीच्या बाबतीत डीईएल म्हणजे इंदिरा गांधी विमानतळ आणि एचडीओ म्हणजे गाझियाबादजवळचं हिंडन, हेही पाहून घ्या.

मुलगी लंडनला असते. मुंबई–लंडन विमानाची वाट नकाशावर कमानीसारखी वाकडी का दिसते? सरळ गेलं तर लवकर नाही का पोहोचणार? आणि घड्याळाचा हिशेब दर वेळी चुकतो.
– एक वाचक, पुणे

वाकडा नकाशा आहे, वाट नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताठ ओढा. तो अरबस्तान-भूमध्य समुद्रावरून जाणार नाही, रशियावरून, आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून जाईल. ही वाट सुमारे १२,५३० किमी. सपाट नकाशावर पट्टीनं ओढलेली ‘सरळ’ रेघ प्रत्यक्षात १४,२०० किमीच्या घरात भरते. वहीवरची पायथागोरसची रीत लांबच्या प्रवासाला चालत नाही, ती यामुळेच.

लंडन मुंबईपासून सरळ ७२१० किमी. ही सरळ वाट पाकिस्तान, मध्य आशिया, युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि भारतीय कंपन्यांना पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. त्यामुळे विमानं दक्षिणेच्या अंगानं वळसा घेतात. जाताना वारा समोरून, म्हणून साडेनऊ ते दहा तास. येताना पाठीमागून, म्हणून नऊच्या आसपास. वारा अंतरावर कशी मात करतो याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, पूर्वेकडून जायला सुरुवात केली. अंतर १४०० किमीनं वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

घड्याळाचं असं करा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. दुबईचं उदाहरण घ्या : मुंबईहून १० ला निघून ११.४५ ला पोहोचलं. पावणेदोन तास नव्हेत. दुबई दीड तास मागे, म्हणजे भारतीय वेळेनं सव्वा वाजला, प्रवास सव्वातीन तासांचा. उलट येताना दीड तास कमी करायचा असतो, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

एखादं सोपं सूत्र द्या. तिकीट न उघडता अंदाज बांधता यावा.
– एक वाचक, लातूर

देशांतर्गत जेट विमानासाठी : सरळ अंतराला ८०० नं भागा, येणाऱ्या तासांची मिनिटं करा आणि त्यात ४५ मिनिटं मिळवा. मुंबई–दिल्ली ११३८ म्हणजे ८५ अधिक ४५, दोन तास दहा मिनिटं. मुंबई–गोवा (दाभोळी) ४२५ म्हणजे ३२ अधिक ४५, सव्वा तास. मुंबई–कोलकाता १६६५ म्हणजे २ तास ५० मिनिटं, त्यात जाताना दहा वजा, येताना दहा अधिक. पुणे–दिल्ली ११५६ किमी आहे, मुंबईपेक्षा अवघे अठरा किलोमीटर जास्त, म्हणून दोन्हींचा वेळ सारखाच.

पंख्याच्या एटीआर विमानाला हे सूत्र लावू नका. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. ४५० नं भागून अर्धा तास मिळवा. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

मुंबई–नागपूर : विमान, समृद्धी महामार्ग की रेल्वे? खरंच वाचतो तो वेळ किती?
– एक वाचक, अमरावती

सरळ अंतर ६८२ किमी, समृद्धी ७०१, रेल्वे ८३७. समृद्धी सरळ रेषेला किती चिकटून गेला आहे, ते या आकड्यांवरून दिसतं. फक्त ७०१ किमी हे नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचं अंतर आहे. पुढे मुंबईत शिरायचं वेगळं.

सूत्रानं विमानाची ९६ मिनिटं येतात. त्यात घरून विमानतळ एक ते दीड तास (अंधेरीत राहत असाल तर कमी), सामान देण्याची खिडकी ६० मिनिटं आधी बंद होते म्हणून निदान दीड तास आधी पोहोचणं, उतरल्यावर सामान आणि शहरात जाणं एक तास. एकूण साडेपाच तास. गाडीनं, दर दोन तासांनी थांबत, आठ ते साडेनऊ तास. १२० ची मर्यादा आहे म्हणून सलग १२० नं जायचा हिशेब करू नका. तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटण्याचे आणि एकसुरी रस्त्यानं डुलकी लागण्याचे अपघात तिथे झाले आहेत. रात्रीची रेल्वे अकरा-बारा तास घेते, पण ते झोपेत जातात. सकाळी दहाचं काम असेल तर रेल्वे, त्याच दिवशी परतायचं असेल तर विमान, आणि चौघं-पाचजण सामानासह असतील तर गाडी.

दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं आहे. मधे किती वेळ ठेवू?
– एक वाचक, रत्नागिरी

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर जेवढा वेळ कंपनीनं दिला तेवढा चालतो. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं त्यांच्याकडे असतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी कुणाचीच नाही. तेव्हा हिशेब असा करा : तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेत ४५ मिनिटं उशिराची, ३० मिनिटं सामान पट्ट्यावर येण्याची, आणि टर्मिनल बदलायचं असेल तर एक तास. टर्मिनल १ हे ३ पासून काही किलोमीटरवर आहे, बसनं किंवा टॅक्सीनं जावं लागतं. २ आणि ३ मात्र शेजारी आहेत, पायी जाता येतं. त्यावर पुढच्या विमानाचा सामान देण्याचा शेवटचा तास. देशांतर्गत पुढच्या विमानासाठी सव्वातीन तास झाले, परदेशी असेल तर पाच ठेवा. धुक्याच्या दिवसांत सकाळचं पहिलं विमान पकडून दुपारचं परदेशी विमान गाठायचा बेत करू नका, आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम करा.